गॅलिसियात वाइन आणि मासळीची एक दिवसाची टूर: बुक करायच्या आधी एवढं बघा

स्पेनला आलं की आपली मंडळी माद्रिद, बार्सिलोना, फार तर सेविया करून परत जातात. मासे खाणारे असाल तर ही सरळसरळ चूक आहे. नकाशात पोर्तुगालच्या डोक्यावर स्पेनचा जो कोपरा दिसतो तो गॅलिसिया, आणि त्याच्या दक्षिण अंगाला समुद्र ज्या खाड्या करून आत घुसलाय त्यांना म्हणतात रिअस बायशस, म्हणजे खालच्या खाड्या. तिकडचे लोक सांगतात की देव जग बनवून दमला आणि टेकायला म्हणून त्याने इथे हात ठेवला, त्या बोटांच्या या खाड्या झाल्या. आपल्याकडे परशुरामाने समुद्र मागे हटवला, यांच्याकडे देवाने आत घेतला, एवढाच काय तो फरक.

मी माद्रिदला नोकरी करते आणि ही टूर दोनदा केलीये. पहिल्यांदा ऑफिसच्या लोकांबरोबर, ती पार फसली. दुसऱ्यांदा आई-बाबा आले होते तेव्हा, ती मस्त झाली.

फसलेली आधी सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पन्नास माणसांची बस, दिवसाला तीन वायनरी, आणि जाहिरातीत जो समुद्र होता तो बसच्या खिडकीतून दाखवला. दुसऱ्या वायनरीनंतर कोणालाच काही वेगळं लागेना, तिसरीत तर अर्धे लोक मोबाइल चार्जिंगचं सॉकेट शोधत होते. जेवण पॅकेजमध्ये नव्हतं, 'फ्री टाइम'मध्ये आपलं आपण बघायचं होतं, आणि तो फ्री टाइम मिळाला चार वाजता. इथे चारला किचन बंद होतं. म्हणजे बंदच, हातापाया पडलात तरी उघडत नाही. जगातल्या सगळ्यात भारी मासळीच्या काठावर बसून मी त्या दिवशी बटाट्याचे वेफर्स खाल्ले.

तर वायनरी किती आहेत ते मोजू नका, बोट आहे का ते बघा. एक वायनरी, एक बोट आणि एक टेबलावर बसून केलेलं जेवण, एवढं असलं की दिवस भरला. आणि बोट जेवणाच्या आधी हवी, का ते पुढे येईलच.

आता बुकिंग. टूर बहुतेक सान्तियागो दे कोम्पोस्तेलाहून निघतात, काही विगो किंवा पोन्तेवेद्राहून. माद्रिदहून सान्तियागोला फास्ट ट्रेनने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, तरी त्याच दिवशी यायचा हट्ट करू नका, आदल्या रात्री पोचून तिथेच झोपा. सान्तियागोहून काम्बादोस, म्हणजे जिथे वायनरी आहेत ते गाव, साधारण ६० किलोमीटर. गाडी भाड्याने घेऊन स्वतः गेलं तर स्वस्त पडेल हे मलाही कळतं, पण मग जो चालवणार त्याने काय करायचं, वास घ्यायचा? इथे पोलीस गाड्या थांबवून फुंकायला लावतात, त्यामुळे या एका दिवसापुरती गाइडेड टूरच बरी. सात-आठ माणसांची छोटी व्हॅन मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. बुक करताना तीन गोष्टी मेल करून लेखी विचारा: जेवण किती वाजता आणि कुठे, बोटीचं तिकीट किंमतीत धरलंय का, आणि गाइड इंग्लिश बोलणारा आहे की स्पॅनिशमध्ये तासभर बोलून आपल्याला दोन वाक्यात गुंडाळणार आहे. सोमवार टाळा, रविवारी मासळीचा लिलाव नसतो म्हणून सोमवारी ताजं कमी मिळतं आणि बरीच हॉटेलंही बंद असतात.

सकाळची वायनरी बहुतेक काम्बादोसच्या आसपास असते. इथलं द्राक्ष अल्बारिन्यो, पांढरं, छोटं, जाड सालीचं. रिअस बायशस या नावाने वाइनचा अधिकृत दर्जा मिळाला १९८८ साली, पण काम्बादोसची अल्बारिन्योची जत्रा त्याच्या कितीतरी आधीची, १९५३ पासूनची, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी संपते. त्या दिवसांत टूर घेऊ नका, गावात पाय ठेवायला जागा नसते. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

बाबांचं गाव तासगावजवळ, घरची द्राक्षबाग. फ्रान्सचे फोटो बघून ते नेहमी म्हणायचे की ही कसली बाग, कमरेएवढी झुडपं. इथे व्हॅनमधून उतरले आणि बघतच राहिले, कारण समोर मांडव! डोक्यावर वेली, खालून माणूस ताठ चालत जाईल एवढी उंची, फक्त आपल्याकडे लोखंडी अँगल असतात तिथे यांचे अख्ख्या ग्रॅनाइटचे खांब. बाबांनी एका खांबावर थाप मारून बघितली, गाइडला काही विचारायच्या आधीच मला सांगितलं, "पाऊस फार असणार इथं, खालून वारं खेळायला पायजे, नायतर डाऊनी." गाइडने नंतर अगदी तेच सांगितलं. समुद्राची दमट हवा, पाऊस बक्कळ, बुरशीचा धोका कायम, म्हणून वेल जमिनीपासून वर उचललेली. पूर्वी त्याच मांडवाखाली लोक बटाटे आणि कोबीसारखी भाजी लावायचे, जमीन तुकड्या-तुकड्यांची, वाया कशाला घालवा. हार्वेस्ट सप्टेंबरमध्ये असतो, तेव्हा गेलात तर काढणी बघायला मिळेल, पण वायनरीवाल्यांना तुमच्याशी गप्पा मारायला वेळ नसेल हेही धरून चाला.

टेस्टिंगमध्ये साधारण दोन-तीन ग्लास देतात. सगळं संपवायलाच हवं असं नाही, टेबलावर भांडं ठेवलेलं असतं त्यात ओतलं तरी कोणी वाईट वाटून घेत नाही, दिवस मोठा आहे. एकच प्रश्न विचारा, 'सोब्रे लीअस' वाली कुठली? म्हणजे यीस्टचा गाळ बसतो त्याच्यासकट काही महिने मुरवलेली. साधी ताजी वाइन हिरवं सफरचंद आणि लिंबाकडे झुकते, ही जरा गुळगुळीत, भरलेली लागते. दोन्हीच्या शेवटी जिभेवर किंचित खारटपणा राहतो. पहिल्या टूरला मला तो कळलाच नव्हता, कारण बरोबर खायला चीजचा एक तुकडा होता. तो कळतो बोटीवर.

बोट सुटते ओ ग्रोवे गावातून, आरोसाच्या खाडीत, तासा-सव्वातासाची फेरी. खाडीचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं, आईला कोकणातल्या लाँचलासुद्धा लागतं पण इथे काही झालं नाही. तरी त्रास होणाऱ्यांनी गोळी घ्या आणि वरच्या डेकवर बसा, आणि उन्हाळा असला तरी विंडचीटर न्या, वारा गार असतो आणि पाऊस इथे न विचारता येतो.

खाडीत लाकडी तराफे दिसतात, ओळीने, लांबून बुडालेल्या शाळेची छपरं वाटतात. त्यांना बातेआ म्हणतात, निलगिरीच्या लाकडाचे, आणि गॅलिसियाभर असे तीन हजारांहून जास्त आहेत, सगळ्यात जास्त याच खाडीत. एकेका तराफ्याला खाली पाचशेपर्यंत दोर, दोर बारा मीटरपर्यंत लांब, आणि दोराला गच्च लगडलेले मसल्स नावाचे काळे शिंपले. बोटीच्या तळाला काचा असतात त्यातून ते लटकलेले दिसतात, पाणी गढूळ असेल तर थोडा अंदाज लावावा लागतो. आणि गढूळ असणं चांगलंच आहे. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यात सूक्ष्म शेवाळ माजतं, ते खाऊन हे वाढतात, वेगळा चारा घालावा लागत नाही. कधी विषारी शेवाळ आलं तर तपासणीत सापडतं आणि त्या भागातली काढणी बंद ठेवतात.

माणसाने दोर वर ओढला, काळेभोर घोस बाहेर आले आणि आमच्या मालवणच्या आईसाहेब उठून उभ्या राहिल्या. "अगो, हे तर आपले शिनाणे!" मग परातभर उकडलेले शिनाणे टेबलावर आले, वाफाळते, नुसते, मीठसुद्धा घातलेलं नाही, बरोबर थंडगार पांढरी वाइन. बोटीवर हे मागाल तेवढं देतात, म्हणून हॉटेलवरचा नाश्ता हलकाच करा. खायची पद्धत अशी की पहिला हाताने काढून खायचा आणि त्याच रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून पुढचे उपटायचे. आईने आधी थोडं नाक मुरडलं, खोबरं नाही, तिरफळ नाही, हे काय नुसतं उकडलेलं. चौथ्या-पाचव्यानंतर तिचं बोलणं बंद झालं, समोर टरफलांचा ढीग. त्या घासावर वाइनचा घोट घ्या, तो खारटपणा तिथे जागेवर बसतो. वाइन आणि मासळी अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच या, एकाच खाडीच्या आहेत.

जेवण दोन ते अडीचच्या दरम्यान. इथे लोक हमखास फसतात ते मेनूत किमतीच्या जागी 'एस/एम' लिहिलेलं असतं तिथे. त्याचा अर्थ आजचा बाजारभाव, आणि तो किलोवर असतो. लाजू नका, सरळ विचारा, "आ कुआन्तो एस्ता एल कीलो?" आणि आपल्याला किती ग्रॅम पाहिजे ते सांगा. आपण मासळी बाजारात कोळणीशी घासाघीस करणारी माणसं, परदेशात गेलं की उगाच गप्प बसतो. दोघांत मिळून भलीमोठी मासळीची थाळी मिळते, 'मारिस्काडा', फोटोला छान, पण माझं मत विचाराल तर घेऊ नका, त्यात तीन प्रकारचे खेकडे गार होत पडतात आणि आपण पहिल्यावरच अडकलेलो असतो. त्यापेक्षा 'मेदिया रासिओन' म्हणजे हाफ प्लेट मागवा, चार-पाच वेगवेगळ्या.

काय मागवाल? आल्मेखास, म्हणजे आपल्या तिसऱ्याच. ओहोटीला बायका गमबूट घालून, दाताळं घेऊन वाळू उपसताना दिसल्या तर त्या हेच आणि खुबे काढत असतात, हा धंदा इथे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सांभाळलाय. मग पुल्पो, ऑक्टोपस, उकडून कात्रीने कापलेला, लाकडी ताटलीत, वर जाडं मीठ, लाल पाप्रिका आणि ऑलिव्ह ऑइल, खाली बटाटा. चिवट असेल अशी भीती वाटते, चांगला केलेला असला तर शिजलेल्या फणसासारखा तुटतो. मिरच्या मागवा, पादरोनच्या, तळून मीठ मारलेल्या, त्यातली एखादीच तिखट निघते आणि तिची इथे केवढी चर्चा! बाबांना ती तिखटवाली आली, त्यांना कळलंही नाही.

आणि पेर्सेबेस, खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी. दिसायला हत्तीच्या पायाचं बोटभर मॉडेल, खडकावर जिथे लाट फुटते तिथेच उगवतं, काढणारे जीव धोक्यात घालून काढतात म्हणून भाव आकाशाला. समुद्राच्या पाण्यात तमालपत्र घालून उकळायचं, प्राणी टाकले की उकळी थांबते, परत उकळी आली की लगेच बाहेर. खाताना नख एका हातात, कातडी दुसऱ्या हातात, पिळून ओढायचं, आणि तोंड स्वतःकडे न ठेवता खाली ठेवायचं नाहीतर पिचकारी शर्टावर. चार जणांत शंभर-दीडशे ग्रॅम पुरे, चव घ्यायला. हिवाळ्यात ते जास्त भरलेले असतात. ओ ग्रोवेत ऑक्टोबरमध्ये १९६३ पासून मासळीची जत्रा भरते, खायला म्हणून यायचं तर तो महिना चांगला, पाऊस सोसायची तयारी ठेवा.

बरोबर कोणी शाकाहारी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि 'काल्दो गायेगो' हे भाजीचं सूप वाटतं ते भाजीचं नसतं, त्यात डुकराची चरबी असते. त्या मिरच्या, बटाट्याचं ऑम्लेट चालत असेल तर तोर्तिया, आणि तेतिया नावाचं मऊ चीज यावर दिवस निघतो.

जेवणानंतर बहुतेक टूर ला तोखा बेटावर शिंपल्यांनी मढवलेलं चॅपल दाखवतात, दहा मिनिटांत होतं. मग कोम्बारो गाव. हे मात्र चुकवू नका, पाण्याच्या अगदी कडेला दगडी कणग्या ओळीने, खांबांवर उभ्या, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक सपाट दगडी चकती, का तर उंदीर वर चढू नये. आत मका ठेवायचे. खालच्या गल्लीतली सुव्हेनिरची दुकानं सोडा आणि ओहोटी असेल तर वाळूत उतरून खालून बघा.

गाइडशी जमलं तर परतताना फुरान्चोबद्दल विचारा. घरच्या वापराची वाइन उरली की शेतकरी घराच्या दारावर तमालाची फांदी लावतात आणि अंगणात किंवा गॅरेजमध्ये टेबलं मांडून ती विकतात, खायला दोन-चारच पदार्थ, वर्षातून फार तर तीन महिने. उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर बंद असतील, वसंतात गेलात तर नशीब.

बाटल्या वायनरीतूनच घ्या, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे दोन बाटल्या निवांत बसतात. चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून. आणि ही वाइन सहसा ताजी प्यायची असते, वर्ष-दोन वर्षात, एकदम गार करून. आईने तिची बाटली तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर पहिल्याच रविवारी उघडली. बाबांनी त्यांची शोकेसमध्ये उभी ठेवलीये, जुनी झाली की किंमत वाढते म्हणतात, मी फोनवर तीनदा सांगून झालंय.