एआय एजंटची प्रगती जतन करणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

एआय एजंटला, म्हणजे एकेक पायरी स्वतःच करत काम पुरं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, लांबलचक काम दिलं की ते मध्येच कुठेतरी तुटतं. वीज जाते, नेट जातं, नाहीतर कॉन्टेक्स्ट विंडो भरते. एजंटमागचं एआय मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकतं, ती ही विंडो. ती भरली की जुनं संभाषण गळतं किंवा त्याचा सारांश उरतो. नवं सेशन उघडलं तर एजंटची पाटी कोरी. म्हणून झालेलं काम फाइलमध्ये नोंदवणारी छोटी टूल्स बनवली जातात. आम्हीही सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत असं टूल बनवलं. नाव ‘टप्पा’, आज्ञा दोनच: ‘टप्पा जतन’ आणि ‘टप्पा उचल’.

टूल नीट चाललं, चुकलं ते आमचं लिखाण. हळदीच्या एका अडत दुकानातल्या 240 जुन्या हिशेबपट्ट्या तक्त्यात भरायचं काम एजंटकडे होतं. 137 भरून झाल्या आणि लाइट गेली. नोंद दर दहा पट्ट्यांनी होत होती, म्हणजे नोंदीत 130 आणि तक्त्यात 137. परत सुरू करण्याबद्दल आम्ही एकच ओळ लिहिली होती: ‘टप्पा उचल चालवा आणि काम पुढे न्या.’ एजंटने तसंच केलं, 131 पासून पुन्हा भरायला घेतलं. कागदावर सात पट्ट्यांची हळद दोनदा विकली गेली. संध्याकाळी बेरीज करताना दिवाणजींच्या ते लक्षात आलं. म्हणाले, “अहो, मागल्या पानाची शिल्लक न जुळवता पुढचं पान लिहायला घेतलंच कसं?”

डॉक्युमेंटेशन लिहायला बसाल तेव्हा हाच प्रश्न समोर ठेवा. जतन कसं करायचं हे सगळेच लिहितात. खरा कस लागतो तो परत उचलण्याच्या भागात, म्हणून तो भाग आधी लिहा.

परत उचलणं

आमच्या डॉक्युमेंटेशनच्या लेखात आता हा क्रम आहे. आधी शेवटची नोंद वाचा. मग प्रत्यक्षात काय आहे ते मोजा: तक्ता असेल तर ओळी मोजा, कोड असेल तर ‘गिट स्टेटस’ आणि ‘गिट लॉग’ (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या टूलच्या आज्ञा) पाहा, टेस्ट चालवा. नोंद आणि प्रत्यक्ष यांत फरक निघाला तर प्रत्यक्ष खरं धरा, पण शेवटची ओळ अर्धवट तर नाही ना हे तपासून. त्यानंतर नोंद दुरुस्त करून जतन करा आणि मगच पुढचं काम हातात घ्या.

एक गोष्ट वेगळी, ठळक अक्षरांत लिहा. काही कामं दोनदा झाली तरी बिघडत नाही. तीच फाइल पुन्हा लिहिली तर तीच फाइल मिळते. पण शेतकऱ्याला एसएमएस पाठवणं, पैसे वळते करणं, मेल धाडणं ही कामं दोनदा झाली की निस्तरता येत नाहीत. अशा कामाआधी ‘सुरू केलं’ आणि नंतर ‘झालं’ अशा दोन नोंदी करायला सांगा. ‘सुरू केलं’ आहे पण ‘झालं’ नाही, असं दिसलं तर एजंटने स्वतः ठरवू नये, माणसाला विचारावं. हे वाक्य लेखात जसंच्या तसं हवं.

नोंदीचा नमुना

रकान्यांची नुसती यादी देऊ नका, भरलेली नोंद दाखवा. आमची अशी आहे:

काम: 240 हिशेबपट्ट्या तक्त्यात भरणे
झालं: 1 ते 137; तक्त्यात 137 ओळी
अडलं: 138, वजनाचा आकडा पुसट
ठरलं: वजन क्विंटलमध्येच. पोत्यांची संख्या वेगळ्या रकान्यात, कारण पोत्यांचं वजन सारखं नसतं
पुढे: 138 बद्दल दुकानात विचारणे, 139 पासून भरणे

‘ठरलं’ची ओळ बघा, तिच्यात कारण आहे. कारण लिहिलं नाही तर नवं सेशन तोच प्रश्न नव्याने सोडवायला बसतं आणि कधीकधी उलटं उत्तर काढतं. काय जतन करू नये हेही इथेच सांगा: पासवर्ड, एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) आणि अख्खं संभाषण.

कधी जतन करायचं

‘अधूनमधून जतन करा’ या वाक्याचा एजंटला काही उपयोग नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर गेलं की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आकडा ठरलेला असला की वाद होत नाही. तुमच्या लेखातही तसंच नेमकं असू द्या: प्रत्येक पट्टीनंतर, प्रत्येक निर्णयानंतर, बाहेर परिणाम करणाऱ्या प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर.

बिघाड

हा भाग थोडक्यात चालेल. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. म्हणून टूलने आधी तात्पुरती फाइल पूर्ण लिहावी, मग तिचं नाव बदलून ती जुन्या जागी आणावी. तुमचं टूल असं करतं की नाही, ते स्पष्ट लिहा. दोन एजंट एकाच नोंदीवर लिहू लागले तर काय होतं, तेही सांगा. नोंदीच्या रचनेला आवृत्ती क्रमांक द्या, वेळेपुढे +05:30 (म्हणजे भारतीय वेळ) लिहा आणि फाइल यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ठेवा, नाहीतर मराठी नावांची अक्षरं विस्कटतात.

वाचणारे दोघं

हे लिखाण माणूस वाचतो आणि एजंटही वाचतो. एजंट वाचतो तेव्हा तुमचा प्रत्येक शब्द त्याच विंडोतली जागा खातो. त्यामुळे एजंटसाठी एक पानभर, आज्ञार्थी वाक्यांचा वेगळा मजकूर करा. कोडिंगच्या प्रकल्पात तो ‘एजंट्स डॉट एमडी’ या फाइलमध्ये ठेवता येतो. टूल का बनवलं आणि आतून कसं चालतं, हे माणसांच्या फाइलमध्ये सविस्तर येऊ द्या.

शेवटी तपासणी. एजंटला एक छोटं काम द्या, निम्म्यावर आल्यावर चालू प्रोग्राम मुद्दाम बंद पाडा. नवं सेशन उघडून त्याला फक्त तुमचा लेख आणि नोंद द्या, तोंडी काही सांगू नका. त्याने पहिली कृती मोजण्याची केली का, ते पाहा. आम्ही पुन्हा तेच काम 137 वर तोडलं. नव्या एजंटने आधी ओळी मोजल्या, नोंदीशी ताडल्या, 138 बद्दल विचारलं आणि 139 पासून सुरुवात केली. त्या संध्याकाळी दिवाणजींची बेरीज जुळली.