वजनाचं ऑपरेशन झाल्यावर बेळगावात कसं जेवायचं, कसं राहायचं आणि पाहुण्यांना काय सांगायचं

डिस्चार्जच्या दिवशी हातात डाएटचा एक छापील कागद देतात, त्यात क्लिअर सूप, ओट्स, टोफू, ग्रीक योगर्ट असलं काय काय लिहिलेलं असतंय, आणि आपण घरी येऊन बघतो तर स्वयंपाकघरात जोंधळ्याची भाकरी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी आणि सोप्यात बघायला आलेल्या चार आत्या. ऑपरेशन दोन-तीन तासांत होतंय आणि त्यात आपल्याला काही करायचं नसतंय, झोपून राहायचं एवढंच. खरं काम नंतर सुरू होतंय आणि त्यातलं निम्मं काम माणसांशी आहे. माझं स्लीव्ह झालंय, त्याला आता काही वर्षं झाली, माझ्या वहिनीचं बायपास झालंय, म्हणजे हृदयाचं नव्हे, पोटाचं, म्हणून दोन्हीकडचं जवळून बघितलंय ते लिहितेय. तुमच्या सर्जननी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी आत काय झालंय ते डोक्यात पक्कं करून घ्या, म्हणजे नियम का आहेत ते कळतंय. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, केळ्यासारखी एक नळी शिल्लक राहते. घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन बहुतेक त्या काढलेल्या भागातच तयार होत असतंय, त्यामुळं सुरुवातीचे महिने भूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. बायपासमध्ये वरच्या बाजूला छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, मधला तुकडा बाजूला राहतोय, म्हणून लोह, कॅल्शियम, बी१२ नीट अंगी लागत नाही. म्हणजे बायपासवाल्यांनी गोळ्या चुकवणं जास्त महागात पडतंय, पण स्लीव्हवाल्यांना पण सुटका नाही.

पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, असा साधारण क्रम असतोय. पातळ म्हणजे आपल्याकडं काय तर मुगाच्या डाळीचं गाळलेलं कढण, पातळ ताक, नाचण्याची आंबील बिनगुळाची, आणि खाणाऱ्यांच्या घरात चिकनचं अळणी पाणी, तिखट न घातलेलं. मटणाचं नको सुरुवातीला, चरबी फार असते. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर जायला पाहिजे पण घोट घोट, तांब्या वर करून गटागटा प्यायचे दिवस संपले. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद. हे एवढंसं वाटतंय पण घरातल्यांना सगळ्यात अवघड हेच जातंय, ताट वाढलं की शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचीच सवय, मी सरळ सांगून ठेवलं की माझ्या ताटाशेजारी पाणी ठेवू नका.

प्रोटीनचं गणित रोज करायला लागतंय, ६० ते ८० ग्रॅम. एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या वर, बांगडा मिळाला तर शंभर ग्रॅमला वीसेक. बांगडा आपल्याकडं कारवार-गोव्याहून येतोय त्यामुळं ती एक सोय आहे. शाकाहारी घरात, म्हणजे निपाणी-चिकोडीकडं जैन मंडळी किंवा लिंगायत घरं, तिथं डाळ-उसळीवर एवढं होत नाही कारण पोटात मावतच नाही, मग व्हे पावडरचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरचा, एक स्कूप ताकात नाहीतर दुधात घालायचा, त्यात लाजायचं काय नाही. ताटात आधी अंडं किंवा पनीर, मग उसळ, मग भाजी, भाकरी सगळ्यात शेवटी जागा राहिली तर. आईला हे बघवत नाही, भाकरीशिवाय जेवण कसलं म्हणते, तर तिला चतकोर आमटीत कुस्करून दाखवायची.

भाकरीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण कागदावर ते नसतंय. मऊ चपाती आणि बेकरीचा पाव आत जाऊन लगदा होतोय आणि अडकतोय, कोरडा भात पण तसाच. ताजी भाकरी आमटीत नाहीतर ताकात भिजवून, दोन-अडीच महिन्यांनंतर, बऱ्याच जणांना चालते. शेवग्याच्या शेंगेची सालं, मेथीची जून देठं, चिवट मटण हे लांब ठेवा, मटण खायचंच असेल तर आधी खिमा. बारीक चमचा, छोटी ताटली, एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं, घास पार पातळ होईपर्यंत चावायचा. पोट भरलंय हे आपल्याला पूर्वीसारखं कळत नाही, नाक गळायला लागतंय, उचकी येते, छातीच्या मधोमध दाब येतोय, ती खूण. तिथं थांबायचं, ताटात अर्धं अंडं राहिलं तरी. एक घास जादा गेला की अर्धा तास बेसिनशी उभं राहायला लागतंय.

आणि चिरमुरे. आपल्याकडं चार वाजले की चिरमुरे, भडंग, फरसाण, पावसाळ्यात मिरची भजी, हे सगळं पोटात टिकत नाही, सरसर उतरून जातंय, किलोभर खाल्लं तरी पोट भरल्याची खूण येत नाही. ज्यांचं वजन परत चढलंय त्यांच्यात मी हेच बघितलंय, बायकांच्यात जास्त, हातात वाटी आणि समोर टीव्ही.

गोडाचं वेगळंच प्रकरण आहे. कुंदा, गोकाकचं करदंट, उसाचा रस, लग्नातले मांडे. साखर एकदम आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतोय, पोटात कळ, जुलाब, याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार तास-दोन तासांनी, शुगर एकदम खाली जाते आणि हातपाय थरथरतात. बायपासवाल्यांना जास्त, स्लीव्हवाल्या काही जणांना पण होतंय. वहिनीला खडे बाजारातच झालं, एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, रस्त्यानं जाणारे पाणी घेऊन आले, ते पण घटाघटा पाजायला. कुंदा चाखायचाच असेल तर जेवणाच्या शेवटी नखाएवढा, घरात असताना.

गोळ्या जन्मभर. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी, लोह, बी१२. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी. चहाबरोबर लोहाची गोळी घेतली तर ती वाया, आणि आपल्याकडं सकाळी गोळी म्हटलं की चहाच, म्हणून मी लोह रात्री घेते. रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी, त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बी१२, डी बघायला सांगा. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच आठवड्यात कमी करायला लागतात बऱ्याच जणांच्या, पण ते डॉक्टरनी करायचं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने एक गोळी देतात बरेच सर्जन, ती मध्येच सोडू नका.

आता घाबरवणारं, पण सांगायलाच पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, नाडी विश्रांतीत पण १२० च्या वर, धाप, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. उलट्या दोन-तीन दिवस थांबतच नसतील तर बी१ म्हणजे थायमिन संपायला लागू शकतंय, डोळ्यांपुढं दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं सुरू झालं की दवाखान्यात जाऊन सरळ सांगायचं, ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्या. बायपासवाल्यांना वर्ष-दोन वर्षांनी अचानक पोटात मुरडून कळा आल्या तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नका, आतडं आत अडकलेलं असू शकतंय. आपल्यातल्या पुष्कळ जणांची ऑपरेशनं पुणे, मुंबई, हुबळी, बेंगळुरूला झालेली असतात आणि रात्री दोनला दुखायला लागतंय खानापुरात, तिथल्या डॉक्टरना काय झालंय ते माहीतच नसतंय. डिस्चार्ज समरीचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पाकिटात एक चिठ्ठी, ‘पोटाचं बायपास झालंय, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन देण्याआधी सर्जनना फोन करा’. या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतोय, गुडघा दुखला की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायची सवय इथं सगळ्यांना आहे. पॅरासिटामॉल चालते. बिडी-तंबाखू अजिबात नको, त्यानंही अल्सर होतोय.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस जायला लागतात, आणि जायला लागतात म्हणजे बाथरूमची जाळी रोज साफ करायची. अंगाला धक्का बसला, वजन भराभर उतरलं की मुळं विश्रांतीला जातात, सहा-नऊ महिन्यांनी बहुतेक परत येतात. तेलं विकत घेण्यापेक्षा प्रोटीन आणि फेरिटिन बघा. याच काळात काटा पण दोन-तीन आठवडे हलत नाही आणि मन खाली जातंय. पूर्वी रडू आलं की खायचो, भांडण झालं की खायचो, आता ती सोय बंद, आणि त्याजागी काही ठेवलेलंच नसतंय. कोणी दारूकडं वळतंय, बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, दोन पेगवाल्याला अर्ध्यात झिंग येते, गोवा दोन-तीन तासांवर, म्हणून हे मुद्दाम लिहिते. पहिलं वर्ष पूर्ण बंद, नंतरही जपून. मन फारच खाली गेलं, जगण्यात राम वाटेना तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, लावा, आणि तुमच्या सर्जननाही सांगा, ऑपरेशननंतर हे होतंय हे त्यांना माहीत असतंय.

आणि चांगलं? पुष्कळ आहे की. बसमध्ये दोघांच्या सीटवर शेजारची बाई तोंड न वाकडं करता बसते. पंगतीत मांडी घालून बसता येतंय आणि हात न टेकता उठता येतंय. घोरणं कमी झालं म्हणून घरातले झोपतात. राजहंसगडावर मध्ये न बसता चढले तेव्हा मुलगा माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. चालायला व्हॅक्सिन डेपो आहे, किल्ल्याचं तळं आहे, पावसाळ्यात जिने आहेत. २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, तर दोन स्टॉप आधी उतरायला पैसे वाया गेल्याचं दुःख पण नाही. थंडी मात्र जास्त वाजते, अंगावरची चरबी गेली की डिसेंबरातलं बेळगाव सोसत नाही, स्वेटर घ्या. बाकी कपडे पहिल्या वर्षात महागाचे शिवू नका, ब्लाऊजला आत भरपूर माया ठेवण्यापेक्षा उलटं, टेलरला परत परत आत घ्यायला सांगायचं.

आता माणसं. वजन उतरलं की आधी म्हणतात, ‘तोंड किती सुकलंय गे, शुगर झाली काय?’ मग म्हणतात, ‘ऑपरेशन करून घेतलं व्हय, मग त्यात काय, पैसे दिले की उतरलं.’ सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. लांबच्यांना ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनी थोडं थोडं खायला सांगितलंय’ एवढं पुरतंय आणि ते खोटं पण नाही. जवळच्यांना मात्र पूर्ण सांगा, कारण ताट तेच वाढणार.

लक्ष्मीची यात्रा असली गावात की खरी परीक्षा. प्रत्येक घरात मटण, प्रत्येक घरात आग्रह, एका घरी खाल्लं आणि दुसऱ्या घरी नाही म्हटलं तर वर्षभर ऐकायला लागतंय. मी असं करते, निघण्याआधी घरी दोन अंडी खाऊन जाते, पहिल्या घरी वाटीभर अळणी घेते आणि हातात वाटी धरूनच गप्पा मारते, रिकामी वाटी दिसली की वाढतात म्हणून. दुसऱ्या घरी थेट स्वयंपाकघरात जाऊन वाढायला लागते, वाढणाऱ्या बाईला कोणी जेव म्हणत नाही. तिसऱ्या घरी डबा. ‘घरी निवांत खाते काकू, बांधून द्या’ म्हटलं की काकूचा मान राहतोय. उपवासाचं सांगायचं तर पहिलं वर्ष एकादशी-संकष्टी सोडा, साबुदाण्यात प्रोटीन नाही आणि तो तुपासकट फुगतोय, देवाला चालतंय, सासूला पटवायला लागतंय.

पोरीबाळींसाठी एक. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात, पीसीओडीवाल्यांना पण. पण १२ ते १८ महिने बाळ नको, अंगात साठाच नसतोय. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, दुसरी पद्धत डॉक्टरना विचारून घ्या. लग्न जमवताना सांगायचं की नाही हा प्रश्न मला दोघी-तिघींनी विचारलाय. माझं मत, सांगायचं, जन्मभर गोळ्या घ्यायच्यात आणि डबीभर जेवायचंय ते लपणार कसं.

लोंबणाऱ्या कातडीला क्रीम नाही. दंड, पोट, मांड्या, घडीत घाम साठून पावसाळ्यात चट्टे येतात, कोरडं ठेवा, सुती कापड घाला. काढायची असेल तर वजन थांबल्यावर, साधारण दीड वर्षानंतर, आणि इन्शुरन्स बहुतेक वेळा ते सौंदर्याचं म्हणून नाकारतोय.

दोन वर्षांनंतर भूक परत येते. सगळ्यात कमी झालेल्या वजनावर चार-पाच किलो चढणं बहुतेकांचं होतंय, त्याला घाबरू नका, पण काटा आठवड्यातून एकदा बघा आणि चढतच चाललंय असं दिसलं की लपून बसू नका. पुष्कळ जण नेमकं तेव्हाच फॉलोअपला जायचं बंद करतात, डॉक्टर ओरडतील म्हणून. आठवडाभर जे तोंडात जातंय ते सगळं लिहा, चिरमुऱ्याची मूठ पण. जेवताना पाणी परत सुरू झालंय का बघा, प्रोटीन मोजा. तरी नाही थांबलं तर सर्जनकडं जा, आतली पिशवी किंवा नळी पसरलीय का ते एंडोस्कोपीत दिसतंय, आणि २०२५ पासून आपल्याकडं मिळायला लागलेल्या मौंजारोसारख्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांचा पण विचार करतात आता, ती स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणू नका. जाताना ती लिहिलेली वही आणि मागच्या वर्षीचे रक्ताचे रिपोर्ट बरोबर घेऊन जा.