वसईचा कोट वाटाड्यासोबत पायी कसा पाहावा

वसईच्या किल्ल्याकडे निघालेल्या माणसाने आधी मनातला राजगड आणि रायगड बाजूला ठेवावा. येथे चढ नाही, माची नाही, कडा नाही. सुमारे 110 एकरांच्या तटबंदीच्या आत येथे एक पुरे शहर नांदत होते, आणि त्यात रस्ते, चौक, कचेऱ्या, रुग्णालय, मठ, पाठशाळा आणि चर्चच्या उंच इमारती होत्या. 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि त्यानंतर दोनशे वर्षे हे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे राहिले. मुंबईची बेटे इंग्रजांकडे जाण्यापूर्वी याच वसईच्या अमलाखाली होती. आज त्या शहराची छपरे गेली आहेत, भिंतींवर वड-पिंपळ रुजले आहेत आणि मोकळ्या चौकांत झुडपे वाढली आहेत. त्यामुळे एकट्याने फिरणाऱ्याला तेथे फक्त पडक्या भिंती दिसतात, हे मी माझ्या पहिल्या फेरीत अनुभवले आहे. शहर दिसण्यासाठी जाणकार वाटाड्या हवा आणि त्याच्याकडून काय मागायचे, हे आपल्यालाही ठाऊक हवे.

वाटाड्या ठरवताना फोनवरच दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. फेरी किती वेळाची आहे, हा पहिला प्रश्न. तीन तासांपेक्षा कमी वेळात वसईचा कोट दाखवतो असे कोणी म्हणाले, तर तो केवळ छायाचित्रे काढण्याच्या जागा दाखवणार, असे समजावे. दुसरा प्रश्न सोबतच्या माणसांचा. बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा घोळका झाला की मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि शिलालेखासमोर तर चार-पाच जणांपलीकडे कोणाला उभेही राहता येत नाही. तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत उपयोगाचा आहे: ‘थडग्यांवरचे दगड वाचून दाखवाल का, आणि मराठ्यांच्या वेढ्याची जागा तटाबाहेरून दाखवाल का?’ या प्रश्नाला जो उत्साहाने ‘हो’ म्हणेल, त्याच्याबरोबर निःशंक जावे. माझ्या पहिल्या वाटाड्याने तासाभरात फेरी आटोपली आणि त्यातला बराच वेळ एका भुयाराच्या गोष्टीत घालवला. भुयाराच्या गोष्टी प्रत्येक किल्ल्यावर ऐकायला मिळतात, पण सन कोरलेला दगड समोर असताना त्या ऐकत बसणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय. शक्य असेल तर वसईतलाच माणूस शोधावा. येथील कुपारी, वाडवळ किंवा कोळी घरात वाढलेल्या माणसाला हे कोट-चर्च घरच्या अंगणासारखे असतात, आणि सण, पिके, मासळी, बोली यांच्याविषयी तो सहज जे बोलून जातो, ते इतरत्र मिळत नाही. मानधन, वेळ आणि भेटण्याची जागा आदल्या दिवशी नक्की करून ठेवावी.

ऋतू निवडणे सोपे आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात कोट हिरवागार दिसतो हे खरे, पण गवत कमरेइतके वाढते, जोती आणि दगड त्यात बुडून जातात आणि सापांचे भय असते. दिवस निवडताना मात्र पंचांग पाहावे, असा माझा आग्रह आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि द्वादशीला नऊच्या सुमारास भरती पूर्ण होते. हा हिशेब स्थूल असला, तरी फेरी ठरवण्यास पुरेसा आहे. सकाळी सातला सुरुवात करून नऊच्या आत-बाहेर दर्या दरवाजाशी पोहोचायचे असेल, तर एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस धरावा. खाडी भरलेली असताना त्या दरवाजाचा अर्थ आपोआप कळतो. ओहोटीला तेथे चिखल पसरलेला असतो आणि गलबते येथपर्यंत कशी येत असतील, हे कल्पनेनेच ठरवावे लागते.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरून पश्चिमेकडून रिक्षाने किंवा बसने वसई गावातून कोटापर्यंत जाता येते. पायांत बंद बूट, डोक्याला टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि एक लहान विजेरी घ्यावी. विजेरी अंधारासाठी नव्हे, तर शिलालेखांसाठी लागते.

1739 मध्ये ही वसई पोर्तुगिजांकडून जिंकून घेणाऱ्या चिमाजी अप्पांचे स्मारक रस्त्यालगत आहे; वाटाडे बहुधा तेथून सुरुवात करतात. तेथे नमस्कार करून त्यांना विनंती करावी की, आम्हाला आधी किल्लाबंदरच्या बाजूला दर्या दरवाजाकडे न्या. हे शहर समुद्रावरून येणाऱ्यांसाठी बांधले गेले आणि ते त्याच क्रमाने पाहिले की उलगडत जाते. दरवाजातून आत शिरून दहा पावले टाकावीत आणि मागे वळून पाहावे. पाण्यावरून आलेला माल आणि माणूस या एका अरुंद तोंडातून शहरात घ्यायचा किंवा अडवायचा, हे तेथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. बाहेर कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी चाललेली असते आणि हंगामात बांबूंवर बोंबील वाळत असतात. तो रहदारीचा आणि कामाचा भाग आहे, म्हणून विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये आणि जाळ्यांवरून चालू नये.

तेथून सेंट जोसेफचे चर्च जवळच आहे. याचा उंच मनोरा दुरूनही दिसतो. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेने हे उभारले गेले आणि 1601 मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात ते पुन्हा बांधले गेले. मनोऱ्याच्या रिकाम्या कमानींकडे पाहताना वाटाड्याला घंटांविषयी जरूर विचारावे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी या मुलखातल्या चर्चच्या घंटा देशावर नेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीला, भीमाशंकराला आजही त्या पाहायला मिळतात. ज्याने त्यांपैकी एखादी घंटा पाहिली आहे, त्याला ही रिकामी कमान पाहताना जे वाटते ते वेगळेच असते. मोडक्या जिन्यांवर चढण्याचा मोह मात्र आवरावा.

यानंतर बालेकिल्ला. तटबंदीच्या आधी हाच भाग उभा राहिला. नुनु द कुन्या गव्हर्नर असताना 1536 मध्ये गार्सिया द सा याने तो बांधला. प्रवेशद्वारावर राजचिन्हांची ढाल, क्रूस आणि आकाशगोल कोरलेले आहेत. दर्यावर्दी राज्याने आपल्या मुद्रेत आकाशगोल का घेतला, यावर चांगला वाटाड्या दहा मिनिटे बोलू शकतो आणि त्याला ती दहा मिनिटे द्यावीत. येथे आणखी एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे: बटाटा, पगार, चावी, घमेले, मेस्त्री हे आपले रोजचे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले आहेत. बांधकामावर आजही मेस्त्री घमेले मागतो, तेव्हा तो नकळत याच शहराची भाषा बोलत असतो.

फेरीतला सर्वाधिक वेळ मी फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंच्या चर्चसाठी राखून ठेवतो. त्याच्या भव्य कमानी पाहून लोक वर बघत राहतात, पण खरे धन पायाखाली आहे. जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लेख कोरले आहेत. पावलांनी आणि पावसाने झिजलेली अक्षरे वरून पाहिली तर दिसत नाहीत. त्यासाठी एकाने छत्री किंवा पंचा धरून दगडावर सावली करावी, दुसऱ्याने विजेरी जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाकावा, आणि मग खाचांच्या कडा काळ्या होऊन अक्षर न् अक्षर उठून येते. सुरुवातीला ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगे हा शब्द शोधावा. त्यापुढे नाव येते आणि पुष्कळदा ‘एर्देइरुश’ हा शब्द येतो, म्हणजे वारस. ही जागा अमक्याची आणि त्याच्या वारसांची, असा त्या मजकुराचा अर्थ. पिढ्यान्पिढ्या आपण येथेच राहणार, अशा खात्रीने माणसे आपली आणि लेकरांची जागा राखून ठेवत होती, हे त्या एका शब्दातून समजते. अक्षरे दिसावीत म्हणून खडू घासणे, नाण्याने खरवडणे किंवा दगडावर उभे राहणे कटाक्षाने टाळावे. हे स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याहीपेक्षा, ती कोणाची तरी समाधी आहे.

जेझुइट या दुसऱ्या पंथाचे चर्च आता संत गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन बंधू 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. येथील श्रद्धा जिवंत आहे, म्हणून आवाज खाली ठेवावा. दर्शनी भागातील खांबांची कोरीव कामे जवळून पाहावीत. वसईचा दगड त्या काळी नावाजलेला होता आणि गोव्याला बॉम जेझू चर्चच्या कामासाठीही तो नेण्यात आला. कोटातल्या नागेश्वराच्या देवळाचे दर्शनही याच फेरीत होते.

शेवटचा तास तटाबाहेर द्यावा, आणि वाटाडा टाळाटाळ करू लागला तरी आग्रह सोडू नये. खाडी आणि दलदल यांनी वेढलेल्या या शहरावर पायदळाने चालून जाण्याजोगी बाजू एकच, उत्तरेची. 1739 च्या फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांच्या फौजेने येथेच मोर्चे लावले, वाळूत खंदक खणत तटाजवळ आणले आणि बुरुजांखाली सुरुंग भरले. सेबास्तियन बुरुजाच्या परिसरात उभे राहून तटाची उंची मान वर करून पाहावी आणि मग जमिनीकडे पाहावे, कारण लढाई त्या जमिनीखालून झाली. मे महिन्याच्या उन्हात सुरुंग उडाले, खिंडारे पडली, दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली आणि 16 मे रोजी पोर्तुगिजांच्या शरणागतीचा करार झाला. कोटातल्या लोकांना बायकामुले, शस्त्रे आणि चीजवस्तूंसह सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. ही अट वाटाड्याने सांगितली नाही, तर आपण विचारावी.

परतताना वसई गावातल्या बाजारात सुकेळी मिळाली तर घ्यावी, हे येथील केळ्यांचे वाळवलेले रूप आहे. पाय दुखत नसतील तर रेल्वेऐवजी भाईंदरकडे जाणारी रो-रो बोट धरावी, ती 2024 पासून सुरू झाली आहे आणि तिच्या वेळा आधी विचारून घेणे बरे. बोटीत मागच्या कठड्याशी उभे राहावे. तट हळूहळू दूर जातो, सेंट जोसेफचा मनोरा झाडांच्या वर येतो, आणि पलीकडच्या काठाला समुद्राच्या दिशेने चौक-धारावीचा उंचवटा दिसू लागतो (ही मुंबईतली धारावी नव्हे). त्याच 1739 मध्ये मराठ्यांनी वसईच्या आधी धारावी घेतली होती, आणि ती का घेतली, ते खाडीच्या मध्यावरून दोन्ही काठ एका नजरेत आले की दिसते.