चारमाउथला इक्थिओसॉरचा मणका कसा शोधावा

मी ब्रिस्टॉलला राहते. पुण्याहून कोणी आलं की त्यांना लंडन दाखवायच्या आधी डॉर्सेटच्या किनाऱ्यावर नेते. लाइम रेजिस ते चारमाउथ या पट्ट्यातल्या कड्यांमध्ये जवळजवळ 20 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ आहे, आणि त्यात इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपांची हाडं.

आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा बघा. ओहोटी लागली की उतरायचं आणि पाणी चढू लागायच्या आत परतायचं, कारण या दोन गावांमध्ये भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं. हिवाळ्यात, वादळ होऊन गेल्यावर जाणं सगळ्यांत चांगलं.

कड्यापासून लांबच राहा. 'ब्लॅक व्हेन' या इथल्या कड्यावर पावसाने फुगलेली चिखलाची दरड कधीही सुटते. 1833 मध्ये इथे जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगचा कुत्रा अशाच दरडीखाली गेला, ती स्वतः थोडक्यात वाचली. जिने भावाबरोबर कोवळ्या वयात इथलाच इक्थिओसॉर उजेडात आणला, तिलाही कड्याने सवलत दिली नाही. विनापरवानगी कडा खणायला बंदीही आहे. आपल्याला हवं ते लाटांनी आधीच खाली आणून, धुऊन ठेवलेलं असतं.

म्हणून नजर गोट्यांवर ठेवा. हातोडी लागत नाही. भिंग मात्र हवंच. मणका दिसतो कॅरमच्या सोंगटीसारखा, काळा, पण दोन्ही बाजूंनी खोलगट. जाड आणि दोन्ही तोंडं बरीचशी सपाट असतील तर तो प्लेसिओसॉरचा असू शकतो. इथे एक तंतुमय दगडही मिळतो. स्थानिक लोक त्याला 'बीफ' म्हणतात आणि नवखा माणूस हमखास त्यालाच हाड समजतो. भिंगातून बघा: दगडात सरळ, समांतर तंतू दिसतील, हाडात बारीक छिद्रांची जाळी. सलग एकाच आकाराचे गोटे बघून डोळे थकतात, तेव्हा थोडं थांबा. सावकाश चालणाऱ्यालाच मणका दिसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एका दगडात ओळीने मणके दिसले, किंवा जबडा दिसला, तर तो फोडू नका. फोटो काढा, जागा नीट लक्षात ठेवा आणि चारमाउथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरला लगेच कळवा. महत्त्वाच्या शोधांची नोंद तिथे होते.

सुटा मणका घरी आणलात तर काही दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा; आतलं मीठ वाळलं की हाड तडकतं. मग सावलीत वाळवा आणि जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच डबीत ठेवा.