पाण्यातले कासव घरी आले तर: आधी ओळख, मग निगा

टाकी सजवण्याआधी कासवाची जात ओळखावी. डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते बहुधा मूळ अमेरिकेतले ‘रेड-इअर्ड स्लायडर’ होय. मलप्रभेच्या काठी किंवा शेततळ्यात सापडलेले, मागचे पाय कातडी झडपांखाली झाकून घेणारे कासव मात्र देशी असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळता येत नाही, म्हणून वन खात्याला कळवावे.

स्लायडरची मादी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, त्यामुळे दुकानदाराने दिलेली काचेची वाटी निरुपयोगीच समजावी. मोठ्या टाकीत क्लोरीन काढलेले पाणी, फिल्टर आणि अंग पूर्ण कोरडे होईल असा दगड हवा. त्या दगडाच्या वर यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा लावावा, कारण त्या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन (अनेकांचा हाच गैरसमज असतो) या कामी येत नाही. बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीत पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस राखायला हीटर लागतो. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सांभाळणे जमेनासे झाले तरी त्याला मार्कंडेय नदीत किंवा राकसकोप जलाशयात सोडू नये. तिथल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा ते बळकावते.