फ्लॅशचा प्रकाश मऊ करताना पडद्याचा आकार पाहावा

घरच्या गौरींचे छायाचित्र फ्लॅश लावून काढले, की मुखवट्यांवर पांढरे चट्टे उमटतात आणि मागच्या भिंतीवर काळी, धारदार सावली पडते. याचे कारण फ्लॅशच्या जोरापेक्षा त्याच्या लहान आकारात आहे. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितक्या सावलीच्या कडा मऊ होतात. म्हणूनच फ्लॅशच्या काचेवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा नुसता चिकटवल्याने प्रकाश कमी होतो, मऊ मात्र फारसा होत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ट्रेसिंग पेपर सहज मिळतो. त्याचा ए-४ आकाराचा कागद पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून फ्लॅशपुढे वीतभर अंतरावर धरावा, म्हणजे सगळा कागद उजळतो आणि तोच प्रकाशाचा स्रोत बनतो. कागद पिवळसर नसावा, नाहीतर मुखवट्यांचा रंग बदलतो. यात साधारण एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला), तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता, २०० असेल तर तो ४०० किंवा ८०० करावा.

बाजारात मिळणारी, फ्लॅशवर बसवायची प्लॅस्टिकची टोपी स्रोत फारसा मोठा करत नाही. ती प्रकाश चहूकडे फेकते आणि तो पांढऱ्या छताभिंतींवरून परतला तरच उपयोग होतो. सारसबागेत उघड्यावर ती बहुतांशी बॅटरीच खर्च करते. जुन्या वाड्याच्या लाकडी छताखाली परतणारा प्रकाश थोडा आणि तपकिरी असतो, म्हणून तेथे घडीचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरा कापडी पडदा असलेली पेटी, मला अधिक भरवशाचा वाटतो.