ट्रायम्फ टीआर६ पीआय : झिजलेल्या थ्रॉटल बॉडींची दुरुस्ती

लुकास पेट्रोल इंजेक्शनच्या (पीआय) टीआर६ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणारे भाग, यांचा स्पिंडल (झडप फिरवणारा दांडा) झिजून आत शिरणारी हवा केवळ आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे संथ चालणे) बिघडवत नाही. पेट्रोल मोजून देणारे मीटरिंग युनिट मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) निर्वातावर चालत असल्यामुळे निर्वात घटताच ते सहाही सिलिंडरांना जास्त पेट्रोल पाठवते, आणि मग दोष उगाचच इंजेक्टरांवर येतो. म्हणून आधी स्पिंडल हाताने वरखाली हलवून पाहावा.

खोलताना झडपेच्या तबकड्यांवर जागा आणि दिशा यांच्या खुणा कराव्यात, कारण त्यांच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात. स्क्रूंची ठोकून पसरवलेली टोके कानशीने घासल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावू नये. झीज फक्त स्पिंडलची असेल तर नवा स्पिंडल पुरतो; स्पिंडलची भोकेही लांबट झाली असतील तर ती एकाच रेषेत रीम करून (अचूक मापात रुंदावून) ब्रॉन्झचे बुश (भोकात बसणाऱ्या नळकांड्या) बसवावे लागतात, आणि हे काम हातड्रिलने करण्यापेक्षा चांगल्या मशीन शॉपकडे सोपवलेले बरे.

जोडताना नव्या स्क्रूंना सैल ठेवून झडप पूर्ण मिटवावी, म्हणजे तबकडी आपोआप मध्यावर येते. मगच स्क्रू घट्ट करून, स्पिंडलला खालून आधार देऊन, त्यांची टोके पसरवावीत. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.